बालकथेतलं भूत किती घाबरवणारं असावं?

प्रश्न : ८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहिते आहे. तिच्यात मुलांना डोहात ओढणारं भूत आहे. हस्तलिखित वाचलेल्यांना ते फार भीतीदायक वाटलं. त्याला प्रेमळ करून टाकू का?

उत्तर : नको. डोहाची भीती गेली की कथेत उरणार काय? पाण्यात ओढणारी भुतं देशोदेशीच्या लोककथांत भेटतात. मुलांना खोल पाण्यापासून लांब ठेवायला त्यांचा उपयोग व्हायचा. पण लोककथा भुताबरोबर सुटकेची वाटही देते, आणि लेखक नेमकी तीच उचलायला विसरतात. जपानी लोककथांतला काप्पा घ्या. नदीत राहतो, माणसांना आत खेचतो. डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी, आणि सगळी ताकद त्या पाण्यात. शिवाय रीतीभातीला पक्का. समोरच्यानं वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडतं, काप्पा लुळा पडतो. तलवार नको, मंत्र नको. लहान मुलालाही जमेल असा उपाय.

तुमच्या भुतालाही असा एकच नियम द्या. पहिल्या पाव भागातच तो सहज कानावर पडू दे, एखाद्या बडबडगीतातून किंवा आजीच्या टोकण्यातून. मध्ये नायिकेनं तो अर्धवट वापरून फसावं, शेवटी तिनंच नीट वापरावा. ऐन वेळी वडील धावून आले किंवा सगळं स्वप्नच निघालं, तर या वयाची मुलं चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. नियम शेवटच्या प्रकरणात प्रथम आला तरी तीच गत.

भूत दाखवायची घाई नको. आधी ओले ठसे, मग आवाज, मग नुसता हात. रक्त-जखमांची वर्णनं खुशाल कापा, त्यांनी किळस येते. दोन भीतीच्या प्रसंगांमध्ये मात्र जेवण, भांडण असं काहीतरी रोजचं हवंच.

प्रश्न : लाल टोपीवालीची गोष्ट सांगताना लांडगा तिला खातो तो भाग गाळू का? मुलगा ६ वर्षांचा आहे.

उत्तर : गाळू नका, नाहीतर शिकाऱ्याला कामच उरत नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या रूपात गोष्ट खाण्यापाशीच संपते. ते रूप या वयाला नको. लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या रूपात शिकारी लांडग्याचं पोट कापून मुलगी आणि तिची आजी, दोघींना जिवंत बाहेर काढतो. सहाव्या वर्षी असं सोडवणारं मोठं माणूस चालतं. पण लांडग्याच्या पोटात भरायचे दगड मुलगी स्वतः आणते, तेवढं विसरू नका. मूल फारच घाबरलं तर गोष्ट अर्ध्यावर सोडू नका, भराभर सुटकेपर्यंत न्या.