वाचकांचे प्रश्न: माया लोकांची जंगलातली शहरं बघायला जाताना

प्रश्न: आम्ही नवराबायको, वय ६६ आणि ६२, मुलुंडला राहतो. मुलगा ह्यूस्टनला आहे, डिसेंबरात त्याच्याकडे जाणार आहोत आणि तिथून ८ दिवस काढून मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या माया लोकांचे पिरॅमिड बघायचेत. चिचेन इत्झा, पालेंके, तिकाल आणि कोपान अशी चार ठिकाणं लिहून ठेवलीत. हिचे गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर: काका, चारही नका करू. नकाशावर ती जवळजवळ दिसतात पण चिचेन इत्झा आणि पालेंके मेक्सिकोत, तिकाल ग्वाटेमालात आणि कोपान होंडुरासमध्ये, म्हणजे तीन देश, तीन इमिग्रेशनच्या रांगा आणि मध्ये सगळा घाटाघाटाचा नाहीतर जंगलाचा रस्ता, तुमचे आठातले चार दिवस नुसते गाडीत जातील. माझं ऐकाल तर एकच जागा निवडा आणि तिच्या अगदी जवळ दोन रात्री राहा. ही शहरं खरी बघायची ती सकाळी ६ ते ९, नंतर ऊन चढतं, बसेस येतात, माकडं-पक्षी झाडीत गडप होतात.

तुमच्यासाठी मी तिकाल म्हणेन. ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटीला थेट विमान आहे, साधारण तीन तास, तिथून छोट्या विमानाने तासाभरात फ्लोरेस. फ्लोरेस हे तळ्यातल्या बेटावरचं टुमदार गाव, तिकाल तिथून ६५ किलोमीटर, दीडेक तास. बरेच लोक फ्लोरेसला राहून सकाळी जाऊन येतात, पण पार्कच्या आत गेटजवळ दोनतीन लॉज आहेत, जरा महाग पडतात तरी गुडघ्यांचा विचार करता तिथेच राहा, म्हणजे पहाटे तीनला उठून गाडीत बसायला नको आणि दुपारी खोलीवर येऊन पाय पसरता येतील.

सूर्योदयासाठी वेगळं तिकीट लागतं, ते आदल्या दिवशीच काढा. अंधारात गाईडबरोबर अर्धा तास चालत चार नंबरच्या देवळापाशी जायचं. हे देऊळ सुमारे ६५ मीटर उंच, वर जायला बाजूने लाकडी जिना केलाय आणि त्याला कठडा आहे, म्हणून काकूंना हळूहळू, टप्प्याटप्प्याने जमेल. मी गेलो तेव्हा वर बसल्यावर पाऊण तास काहीच दिसत नव्हतं, नुसतं धुकं, आणि त्या धुक्यातून हाऊलर माकडांचा आवाज, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाघ-सिंहच आला असं वाटतं, माझ्या शेजारच्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग धुकं जरा खाली बसलं आणि झाडांच्या शेंड्यांवर एक दगडी माथा दिसला, मग दुसरा, मग तिसरा. सूर्याचा गोळा काही दिसला नाही, डिसेंबर-जानेवारीत धुकं असतंच, त्यामुळे फोटोसारखा सूर्योदय मिळाला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

एक नंबरचं, ज्याचा फोटो सगळीकडे असतो ते ४७ मीटरचं जग्वारचं देऊळ, त्यावर चढायला बंदी आहे. चिचेन इत्झाच्या मोठ्या पिरॅमिडवरही २००६ पासून चढू देत नाहीत. आत पाच-सहा किलोमीटर चालणं सहज होतं, म्हणून इथूनच सवय करा, महिनाभर आधीपासून बोरिवलीला कान्हेरीला जात जा (सोमवारी बंद असतं), तिथल्या कातळातल्या पायऱ्या चढून-उतरून बघा, काकूंना कुठे त्रास होतो ते इथेच कळेल. काठी दोघांनीही न्या.

व्हिसाचं म्हणाल तर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही. ग्वाटेमालाचा नियम मात्र तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाकडून पक्का करून घ्या आणि अमेरिकेत परत शिरायचंय हे लक्षात ठेवून व्हिसाची तारीख बघा.

प्रश्न: मी गिरगावची, वय २७, सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. मला गर्दीची ठिकाणं नकोत, खरं जंगल हवंय. बूट कोणते, साप किती, आणि पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

उत्तर: पावसाळ्यात नको गं. आपल्याला पावसात गड चढायची हौस असते हे खरं, पण तिकडचा दगड चुनखडीचा, शेवाळ धरला की साबणासारखा होतो, आणि पायऱ्या उंच पण पाऊल ठेवायला जागा अगदी अरुंद. हरिहरच्या पायऱ्या उतरलीयेस ना, तसंच, तोंड दगडाकडे करून उतरायचं किंवा तिरकं तिरकं, नागमोडी. तिकडचा पाऊस मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, तू डिसेंबर ते मार्च जा. एप्रिल-मे कोरडे असतात पण उकाडा असह्य.

खरं जंगल हवं तर मेक्सिकोतलं कालाकमूल. मोठा रस्ता सोडल्यावर ६० किलोमीटर नुसत्या जंगलातून आत, पुढे काही सोय होईल असं धरून चालू नकोस, माणशी तीन-चार लिटर पाणी आणि खाणं बरोबर हवंच, गाडीची टाकी भरलेली हवी. कुठल्या पिरॅमिडवर चढू देतात ते बदलत असतं, गेटवर विचार. दुसरं याश्चिलान, तिथे उसुमासिंता नदीतून बोटीनेच जायचं, बोटीतून उतरलीस की समोर झाडीत भिंती दिसायला लागतात. पण ती नदी म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाची हद्द, त्या भागात अधूनमधून टोळ्यांचा त्रास असतो, तेव्हा पालेंकेला पोचल्यावर ताजी परिस्थिती विचारून मगच ठरव आणि एकटी जाऊ नकोस.

बूट घोट्यावर येणारे, चांगल्या ग्रिपचे, आणि इथे वापरून मऊ केलेले, कोरे करकरीत नेऊ नकोस. पँट मोज्यात खोचायची कारण गोचिडं फार. डीट असलेलं रिपेलंट घे, डेंग्यू तिकडेही आहे. साप आहेत, त्यातला बार्बा आमारिया म्हणजे आपल्या घोणस-फुरशाच्या जातकुळीतला, पालापाचोळ्यात अजिबात दिसत नाही, म्हणून पायवाट सोडायची नाही, टॉर्चशिवाय अंधारात चालायचं नाही आणि भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही, एवढं पाळलं तर बास.

सापापेक्षा मी झाडाबद्दल जास्त सांगेन. चेचेम नावाचं झाड आहे तिकडे, आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्बा उततो तसाच त्याचा चीक अंगावर उततो, फोड येतात. खोडावर काळे ओघळ-डाग असतात, ते पहिल्याच दिवशी गाईडला दाखवायला सांग, आणि चढावर आधाराला दिसेल ते झाड धरायची जी सवय आपल्याला लागलीय ती तिथे सोडून दे.

प्रश्न: आम्ही पार्ल्याचे, घरात सगळे शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

उत्तर: नाही हो! मक्याची भाकरी, काळा घेवडा, भात, अवोकाडो हे सगळीकडे मिळतं. तिथल्या बायका मका चुन्याच्या निवळीत शिजवून, धुऊन, मग वाटतात आणि तव्यावर तोर्तिया टाकतात, माया लोकांची ही फार जुनी रीत आहे, गरम तोर्तिया हातात आली की ज्वारीच्या भाकरीची आठवण येतेच. युकातानात, म्हणजे मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या भागात, असाल तर सिकिल पाक मागा, भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची चटणी, आपल्या माणसाला हमखास आवडते. अडचण एकच, घेवड्यात डुकराची चरबी घालतात आणि भात कधीकधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, म्हणून तीन शब्द पाठ करा, सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, म्हणजे मटण नको, कोंबडी नको, चरबी नको. कागदावर लिहून न्या आणि दाखवा. बरोबर भाजके, कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ न्या, ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता नको, कस्टम्सवाले काढून घेतात.

प्रश्न: ड्रोन नेला तर चालेल का? (लालबागहून)

उत्तर: नको. मेक्सिकोतल्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ट्रायपॉडलाही परवानगी लागते. आणि रविवार टाळा, त्या दिवशी तिथल्या नागरिकांना प्रवेश फुकट असतो, खूप गर्दी होते.

प्रश्न: मी पाचवीत आहे, बोरिवलीला राहतो. आम्ही सुट्टीत चिचेन इत्झाला जाणार आहोत. माया लोक अचानक गायब झाले असं मी व्हिडिओत बघितलं. ते कुठे गेले?

उत्तर: बाळा, ते कुठेच गेले नाहीत. दुष्काळ पडले, राजे आपसात लढत राहिले आणि जंगलातली मोठमोठी शहरं ओस पडली, तिकालमधल्या तारीख कोरलेल्या शेवटच्या शिळेवर साल येतं ८६९. पण माणसं दुसरीकडे जाऊन राहिली. वर ज्या फ्लोरेस गावाबद्दल लिहिलंय ना, त्या बेटावर मायांचं राज्य १६९७ पर्यंत होतं, तेव्हा इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. आजही लाखो माया लोक आहेत, एकट्या ग्वाटेमालात त्यांच्या २० हून जास्त भाषा बोलतात. चिचेन इत्झाला बाबांना माया गाईडच घ्यायला सांग आणि त्यांना विचार, तुमच्या भाषेत एक ते वीस कसं म्हणतात? कारण आपण दहादहाने मोजतो आणि ते विसाविसाने, आजीला विचार, बाजारात कोडीने मोजायचे ते तिला माहीत असेल. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शून्यासाठी ते शिंपला काढायचे.

सकाळी आठला गेट उघडतं तेव्हाच आत जा. मोठ्या पिरॅमिडला चारी बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरती एक, बेरीज तूच कर. मग उत्तरेकडच्या पायऱ्यांसमोर थोडं लांब उभं राहायचं आणि एकदाच जोरात टाळी वाजवायची. परत येतो तो आवाज टाळीचा नसतो, एखादा पक्षी चिवकल्यासारखा असतो, तिथले लोक म्हणतात तो क्वेट्झल पक्षी. दहानंतर सगळेच टाळ्या वाजवतात, मग नीट ऐकू येत नाही.