बल, शक्ती आणि ऊर्जा : कोणता शब्द कुठे?

पुण्यातले एक वाचक हौसेने शालेय भौतिकशास्त्र पुन्हा वाचत आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द एकमेकांऐवजी चालतात का? बालभारतीच्या पुस्तकातले ‘बल’ मराठी विश्वकोशात ‘प्रेरणा’ का होते? आणि विजेच्या बिलातले युनिट ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणायचे की ‘किलोवॅट-तास’?

बोलताना चालतात. अंगात बळ नाही, शक्ती नाही किंवा ऊर्जा नाही, यांतले काहीही म्हटले तरी ऐकणाऱ्याला तेच कळते. पण शब्दाशेजारी आकडा आला की ही मोकळीक संपते. तिथे एककच शब्द ठरवते : न्यूटन असेल तर बल, ज्यूल असेल तर ऊर्जा किंवा कार्य (बल लावून वस्तू हलवण्यात खर्ची पडलेली ऊर्जा), वॅट असेल तर शक्ती.

सिंहगडाची चढण घेऊ. आतकरवाडीच्या वाटेने सुमारे 600 मीटर उंची चढायची आहे असे धरू, आणि चढणाऱ्याचे वस्तुमान 60 किलो. पृथ्वी त्याला 60 × 9.8 म्हणजे 588 न्यूटनने खाली ओढते. हे बल. (भौतिकशास्त्रातले ‘वजन’ ते हेच, वाण्याकडचे किलोतले वजन म्हणजे खरे तर वस्तुमान.) या बलाविरुद्ध 600 मीटर चढायचे तर 588 × 600, म्हणजे 3,52,800 ज्यूल लागतात. ही ऊर्जा. माणूस धावत गेला की रमतगमत, हा आकडा बदलत नाही. बदलते ती शक्ती, कारण शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. दीड तासात, म्हणजे 5,400 सेकंदांत गड चढला तर सरासरी शक्ती सुमारे 65 वॅट. पाऊण तासात चढला तर 131 वॅट. ऊर्जा तेवढीच, शक्ती दुप्पट. ‘गड चढायला फार शक्ती लागते’ हे वाक्य बोलताना बरोबर आहे, पण गणितात ते अर्धवट राहते, कारण किती वेळात चढायचे ते त्यात नाही. शरीर प्रत्यक्षात खर्च करते ते याच्या चार-पाच पट. बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते.

याच हिशेबावरून बिलाचे उत्तर मिळते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालल्यावर खर्च होणारी ऊर्जा : 1,000 वॅट × 3,600 सेकंद = 36 लाख ज्यूल. इथे गुणाकार आहे, म्हणून ‘किलोवॅट-तास’. ‘प्रति’ म्हटले की भागाकार होतो आणि उत्तर साफ चुकते. 2 किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला तर 2 × 0.5, म्हणजे 1 युनिट. भागाकार केला तर 4 येतील. ‘किलोवॅट प्रति तास’ला अर्थ आहे, पण तो वेगळा : शक्ती किती झपाट्याने वाढते किंवा घटते आहे. बिलावरचा ‘मंजूर भार’ किलोवॅटमध्ये असतो, म्हणजे ती शक्ती. आकारणी होते ती युनिटांवर, म्हणजे ऊर्जेवर. आणि सिंहगडाची ती सगळी चढण? एका युनिटाचा जेमतेम दहावा भाग. तोच गिझर तेवढी ऊर्जा तीन मिनिटांच्या आत संपवतो.

‘प्रेरणा’ आणि ‘बल’ या एकाच संकल्पनेच्या दोन परिभाषा आहेत. विश्वकोशात प्रेरणा आणि द्रव्यमान, पाठ्यपुस्तकात बल आणि वस्तुमान. दोन्ही शुद्ध, मात्र एका लेखात एकच संच पाळावा. ‘प्रेरणा = वस्तुमान × त्वरण’ अशी सरमिसळ झाली की नवा वाचक प्रेरणा आणि बल या दोन वेगळ्या राशी समजून बसतो. माझा कौल ‘बल’ला, कारण प्रेरणा हा शब्द मनाच्या व्यवहारात फार गुंतलेला आहे.

जुन्या मराठीत ‘शक्ती’ ऊर्जेचेही काम करत असे. मुंबईतल्या अणुशक्तीनगरच्या नावात तो अर्थ टिकून आहे. आज आपण अणुऊर्जा म्हणतो. अश्वशक्ती मात्र आजच्या परिभाषेतही चोख बसते : पंपावरचा 1 एचपी म्हणजे सुमारे 746 वॅट. ‘भिंगाची शक्ती’ हा अपवाद. ती डायॉप्टरमध्ये मोजतात आणि तिचा वॅटशी संबंध नाही.

एककाची कसोटी एका जागी फसते. गॅरेजमध्ये ज्याला टॉर्क म्हणतात, ते बल-आघूर्णही (बलाचा वस्तू फिरवण्याचा परिणाम) न्यूटन-मीटरमध्येच मोजतात, आणि एक ज्यूल म्हणजेही एक न्यूटन-मीटर. फरक दिशेचा आहे. कार्यात बलाच्या दिशेने झालेले विस्थापन धरतात, आघूर्णात अक्षापासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर. नट घट्ट बसलेला असेल आणि पाना जराही फिरला नाही, तर आघूर्ण 40 न्यूटन-मीटर असूनही कार्य शून्य. म्हणून आघूर्णाला ज्यूल हे एकक कधीही लावू नये.