ताण चढू दे, पण रोज उतरव

बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल तू गेलीस आणि चहा तसाच राहिला, वर साय धरलेली. "काकू, माझा मेंदूच खराब झालाय" म्हणालीस आणि नेमका तेव्हाच कुकर बोंबलला. आतून परत येईस्तोवर तू चप्पल घालत होतीस. फोनवर मी भांडते, म्हणून लिहितेय.

खराबबिराब काही झालेलं नाही. मॉक टेस्टला पाठ असलेलं कलम आठवेना, पण पर्यवेक्षिकेच्या साडीचे हिरवे काठ अजून डोळ्यांसमोर आहेत, हे तूच सांगितलंस ना? मग सगळं त्यातच आलं. धोका दिसला की मेंदूतली ॲमिग्डाला आधी आरडाओरडा करते. ॲड्रेनॅलिन क्षणात धावतं. मागून हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, अधिवृक्क ग्रंथी अशी एकीने दुसरीला हाक देत साखळी हलते आणि वीस-तीस मिनिटांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, शिगेला पोचतं. या धबडग्यात कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तुझी कलमं जुळवून देणारा, गप्प बसतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी वर्षानुवर्षं याच गप्प बसण्याचा अभ्यास केला. आणि कॉर्टिसॉलची गंमत अशी, की साठवलेलं वर काढताना ते आडवं येतं, पण त्या घडीचा धक्का मात्र पक्का कोरून ठेवतं. कलम गेलं, काठ राहिले. समोर सांड आला असता तर हाच मेंदू तुझ्या कामी आला असता. प्रश्नपत्रिका आणि सांड यांतला फरक त्याला कळत नाही, त्याला तो काय करणार!

तेव्हा ताण घेऊ नकोस, असलं मी सांगणार नाही. ज्यांना काहीच ताण नसतो ती मुलं पेपरला अर्धा तास उशिरा पोचतात, मी पाहिलीत. चढू दे. पण रोज उतरला पाहिजे. त्याच दिवशी.

का, ते ऐक. कॉर्टिसॉल पुरे झालं, आता थांबा, हे साखळीला सांगणाऱ्यांत मेंदूतला एक हिपोकॅम्पस असतो. आठवणी बसवणाराही तोच. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवन यांनी 1968 साली उंदरांच्या मेंदूत दाखवलं की त्यांच्यातलं याच जातीचं संप्रेरक हिपोकॅम्पसमध्ये जाऊन बसतं. म्हणजे ब्रेक लावणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त झळ. पुढे 2002 साली आपल्या बंगळूरला, नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये, सुमंत्र चटर्जींच्या गटाने उंदीर रोज 2 तास असे 10 दिवस जखडून ठेवले. हिपोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडल्या आणि ॲमिग्डालाच्या वाढल्या. आठवणारा सुकला, घाबरणारा फोफावला. मग 2004 सालच्या पुढच्या प्रयोगात असे उंदीर 21 दिवस मोकळे सोडले, तर हिपोकॅम्पस सावरला. ॲमिग्डाला नाही सावरली.

उंदीर म्हणजे आपण नव्हे, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणायचे. तरी बंगळूरचा तो शोधनिबंध वाचून मी त्या रात्री जेवले नव्हते.

कारण 2001 साली माझा मुलगा परीक्षेला बसला होता. दोन वर्षं पहाटे चारचा गजर मी लावायचे. तो रात्री बाराला झोपायचा. उठला नाही तर पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचे आणि दहा वाजता कॉलेजात जाऊन हीच साखळी फळ्यावर काढायचे, बाणांसकट. बंगळूरचा निबंध नंतर आला, खरंय, पण मॅकइवन तर मला पाठ होते! घरात एक पगार, सासूबाई अंथरुणावर, ह्यांची नोकरी गेलेली, पोराची सीट लागली पाहिजे असं मला वाटलं तर त्यात चूक काय होती, तूच सांग. जाऊ दे, नको सांगूस. सीट लागली. आज तो पुण्यात आहे, चांगला आहे. अजून चारला जागा होतो, गजराशिवाय. एकदा सहज बोलून गेला, मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून दहाला माझा दिवा बंद. विभागात मला हसायचे. रात्रीच्या बैठका नाकारल्या म्हणून एक बढती गेली, पण मला फरक पडला नाही. बरं, थोडा पडला. इंदूरात राहून मी पंधरा वर्षं रात्रीचा सराफा, म्हणजे तिथली खाऊगल्ली, पाहिलेला नाही, गराडूचा कंद घरीच तळते. हट्टी म्हणतात, म्हणू देत.

तू काय करतेस? भंवरकुआच्या लायब्ररीत रात्रीची सीट घेतेस, दोनला खोलीवर येतेस आणि "ब्रेक" म्हणून तासभर रील्स. वर ती ब्रेन टॉनिकची बाटली. साडेचारशे रुपये! झोपेत मेंदू दिवसभराचं वाचलेलं पक्कं करतो, ते काम बाटली करत नाही. रील्समध्ये ताण उतरत नाही गं, नुसता झाकला जातो. उतरणं म्हणजे चालणं, कुणाशी तरी पोटभर बोलणं, श्वास सावकाश सोडणं (घेण्यापेक्षा सोडणं लांबव, नाडी त्याने मंदावते) आणि झोप. झोप. झोप. तिसऱ्यांदा लिहिलं, कारण तू पहिल्या दोन वेळा मान हलवून विसरतेस.

आणि घाबरू नकोस. 2009 साली अमेरिकेत परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिचलेल्या वैद्यकीच्या मुलांचा मेंदू स्कॅन करून पाहिला, तर लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवण्यात ती मागे पडत होती. परीक्षा संपल्यावर महिनाभराने तीच मुलं पूर्ववत. म्हणजे परतीचा रस्ता आहे, तुझ्या वयात तर आहेच. पण परत येण्याची वेळच आणू नये असं मला वाटतं, म्हणून रोज म्हणते. पेपरनंतर बघू, हे माझंच वाक्य होतं.

उद्यापासून संध्याकाळी सहाला रामबागेत ये. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालू, येताना पोहे खाऊ. पुस्तक आणलंस तर दारातून परत पाठवीन. आणि त्या रात्रीच्या सीटचे उरलेले पैसे परत माग. देत नसतील तर सांग, मी येते भंवरकुआला.

तुझी
काकू