रुईच्या भावाखाली तब्येतीची चौकशी

प्रश्न : आमच्या बंद जिनिंगच्या पेटीत 1880 च्या सुमाराची इंग्रजी पत्रं सापडली. मुंबईच्या गोऱ्या व्यापाऱ्याने इथल्या गोऱ्या एजंटाला लिहिलेली. वर गाठींचा हिशेब, खाली ताप, लिव्हर, गाउट. ही नुसती लिहिण्याची रीत की खरी मैत्री?
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर : एका पत्रावरून ते कळणार नाही. सगळी पत्रं आधी तारखेने लावा, मग आजाराचं पुढच्या पत्रात काय झालं ते शोधा. हुंडीची मुदत टळली म्हणून सांगितलेला आजार बहुधा मोघम असतो आणि पुन्हा निघत नाही. मित्राचा आजार मात्र पत्रापत्रांतून चालतो : औषध लागू पडलं का, झोप लागते का, हवापालटाला कधी निघता?

साम्यवादी विचारवंत कार्ल मार्क्सचा मित्र फ्रेडरिक एंगेल्स, त्याचाच पत्रव्यवहार बघा. मँचेस्टरच्या सुताच्या कारखान्यात तो आधी नोकर, 1864 पासून भागीदार. 1869 मध्ये बाहेर पडला. 1857 मध्ये त्याच्या ग्रंथी सुजल्या, तेव्हा मार्क्सने लंडनमध्ये वैद्यकीय पुस्तकं धुंडाळून लोह घ्यायला सांगितलं. 1866 मध्ये मार्क्स करटांनी बेजार झाला, तर एंगेल्सने मँचेस्टरच्या डॉक्टर गुम्पर्टकडून सोमलाचा उपाय काढला. एंगेल्सकडून मार्क्सला पैसेही टपालानेच जात : नोट कापून दोन तुकडे दोन वेगळ्या पाकिटांत, म्हणजे एक चोरीला गेलं तरी चोराच्या उपयोगाचं नाही. इतका जीव लावणाऱ्यांची पत्रं वाचली की बाकीची जोखता येतात.

शब्दांत मात्र फसाल. ‘बिलियस’ म्हणजे कावीळ नव्हे. मळमळ, डोकेदुखी, अपचन असं सगळं त्यात यायचं. ‘लिव्हर’चंही तसंच, ते निदान म्हणून धरू नका. ‘एग्यू’ म्हणजे थंडी वाजून पाळीने येणारा ताप, आपल्याकडे बहुतेक वेळा हिवताप. हिवतापाशी डासाचा संबंध डॉक्टर रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये दाखवला. त्याआधी दोष खराब हवेचा मानत, म्हणून ‘चिखलदऱ्याला जा’ असं कुठे आढळलं तर ती सहल समजू नका, तो उपचार आहे.

अक्षरही बघा. हिशेब कारकुनाच्या हातचा आणि तब्येतीच्या ओळी मालकाच्या हातच्या असतील, तर त्या आवर्जून लिहिलेल्या. काळ्या काठाचा कागद म्हणजे घरात मृत्यू.

ओल्या फडक्याने धूळ पुसू नका. ओलसर कागद दाबून पत्राची नक्कल काढायची शाई मुद्दाम ओलीने सुटेल अशीच बनवत. ती पसरली की अक्षर गेलं. कोरडा मऊ ब्रश फिरवा आणि घडी उलगडण्याआधी फोटो काढा.