एक ना धड, भाराभर चिंध्या?

"सर, पेशींवर काम करणाऱ्यांच्या बैठकीत मी संगणकवाली ठरते आणि संख्याशास्त्राच्या वर्गात प्रयोगशाळेतली. एक ना धड, भाराभर चिंध्या, असेच माझे होणार ना?" जनुकशास्त्र आणि जीनोमिक्स (सजीवाच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास) यांच्या आंतरविद्याशाखीय पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थिनीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून तिने दोन मार्गदर्शक निवडले होते, एक प्रयोग करणारे आणि दुसरे विदेचे (डेटाचे) विश्लेषण करणारे, त्या दोघांच्याही इतर विद्यार्थ्यांपुढे आपण कच्च्या आहोत, हे तिच्या मनाने घेतले होते.

ही भीती निराधार आहे, असे मी कधीच सांगत नाही, कारण दोन्हीकडे वरवर शिकून पीएचडी होत नाही. मात्र त्या दिवशी मी तिला तिचे ताजे काम दाखवायला सांगितले. तिने एक छापील आलेख काढला. त्यात रुग्णांच्या नमुन्यांचे ठिपके एका बाजूला आणि निरोगी व्यक्तींचे दुसऱ्या बाजूला, असे स्वच्छ दोन पुंजके होते. विश्लेषण करणारे सहकारी त्यावर खूश होते. तिने मात्र खाली पेन्सिलीने दोन तारखा लिहिल्या होत्या: रुग्णांच्या नमुन्यांतून आरएनए (कोणते जनुक किती सक्रिय आहे हे ज्यावरून कळते तो रेणू) एका दिवशी काढला होता आणि निरोगी नमुन्यांतून दुसऱ्या दिवशी. म्हणजे दिसणारा फरक आजाराचा की दिवसाचा, हे त्या विदेवरून सांगताच येत नव्हते. प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके एकेक करून ५ टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे फरक नसतानाही तो दिसण्याची ५ टक्के शक्यता मान्य करून) तपासली, तर आजाराचा काहीही संबंध नसताना हजारभर जनुके निव्वळ योगायोगाने 'सापडतात', हेही तिला ठाऊक होते. अशा योगायोगांसाठी संख्याशास्त्रात दुरुस्ती आहे, पण तारखांची चूक संख्याशास्त्राच्या कोणत्याही दुरुस्तीने निघणारी नव्हती.

"हे कुणाच्या लक्षात आले?" मी विचारले. ती गप्प राहिली.

प्रबंधाचा कणा कोणता, हे ठरवायला मी सांगितले. तिने संख्याशास्त्र निवडले. प्रयोगाच्या बाजूला नेमके प्रश्न विचारता येण्याइतकी तयारी पुरे होती. दुसरी अडचण तिच्या कुवतीची नव्हतीच: दोन्ही मार्गदर्शक एकमेकांशी बोलत नव्हते आणि ती निरोप्या झाली होती. महिन्यातून एक एकत्र बैठक ठरली.

पहिल्या बैठकीला तिने नवा आराखडा नेला, ज्यात प्रत्येक दिवशी निम्मे रुग्ण आणि निम्मे निरोगी नमुने होते आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला होता. तासभराच्या चर्चेत दोघेही मार्गदर्शक एकमेकांच्या शब्दांचा अर्थ तिलाच विचारत होते, असे तिने मला नंतर सांगितले.