शिळं पाणी, विरी गेलेलं पीठ आणि शंभराच्या पुढचं युनिट: घरखर्चाची प्रश्नोत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरातून येणारे प्रश्न हमखास तीन गोष्टींभोवती फिरतात: पाणी, लाईट बिल आणि साठवण. यंदाही तेच आहे. त्यातले निवडक प्रश्न घेते. जिथे पैसे खरोखर वाचतात तिथे लांबण लावली आहे, बाकी थोडक्यात उरकलं आहे.

ताई, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाणी आलं की सासूबाई आधीचं उरलेलं सगळं ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायला लावतात. कधी अर्धं बॅरल उरलेलं असतं. माझा जीव तुटतो. पाणी खरंच शिळं होतं का? (गृहिणी, विडी घरकुल)

स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी चार-पाच दिवसांत नासत नाही. त्यातलं क्लोरीन हळूहळू उडून जातं, एवढंच. पाणी बिघडतं ते तांब्यासकट हात बुडवल्याने, झाकण अर्धवट ठेवल्याने आणि बॅरलच्या तळाशी गाळ साठल्याने. २०० लिटरचं अर्धं बॅरल दर पाच दिवसांनी ओतलं तर महिन्याला ६०० लिटर पाणी मोरीत जातं. पुढे मे महिन्यात त्याच घरात टँकरची वाट पाहायची वेळ येते.

पण सासूबाई बॅरल रिकामं करायला लावतात, त्यात अर्थ आहे. डेंग्यूचा डास अशाच साठवणीच्या पाण्यात वाढतो. मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात. नुसतं पाणी ओतल्याने अंडी जात नाहीत. ती कोरड्या भांड्यालाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पाणी भरलं की पुन्हा जिवंत होतात. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल आतून काथ्याने खसाखसा घासायला हवं. घासण्यासाठी ते रिकामं करावंच लागतं. तेव्हा तुमचा वाद पाणी ओतावं की नाही हा नाही, ते कुठे ओतावं हा आहे.

आता क्रम बदला. आपल्याकडे नळ आला की चादरी-पडद्यांचं मोठं धुणं निघतं. ते नळाच्या आदल्या दिवशी काढा. फरशी, संडास-बाथरूम, जिना, कुंड्या हीसुद्धा आदल्या दिवशीचीच कामं. दोन बॅरलं असतील तर दोन्हींतून थोडं थोडं काढू नका. आधी एक पूर्ण संपवा, घासा, उन्हात उपडं करा आणि मगच दुसऱ्याला हात लावा. नळ येईल तेव्हा एक तरी बॅरल धुऊन कोरडं तयार असेल आणि सासूबाईंनाही ताजं पाणी भरल्याचं समाधान मिळेल. कूलर वापरत असाल तर उरलेलं पाणी त्यात जाऊ द्या, फक्त त्याची टाकीही दर आठवड्याला घासायला विसरू नका.

पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा, तोंडाला पातळ सुती फडकं घट्ट बांधा. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी गढूळ आलं तर आधी तुरटी, मग निवळलेलं पाणी वेगळं करून उकळायचं.

शेजारी म्हणतात, १०० युनिटच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल वरच्या दराने लागतं. म्हणून आम्ही महिनाअखेरीला फ्रीजही बंद ठेवतो. हे बरोबर आहे का? जुने पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे घ्यावेत का? (निवृत्त वाचक, जुळे सोलापूर)

काका, आधी फ्रीज सुरू करा. शेजाऱ्यांचं म्हणणं खरं नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, मग ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात. १०१ वं युनिट वापरलं म्हणून आधीची १०० महाग होत नाहीत. फ्रीज बंद करून वाचतं ते किरकोळ, आणि आत नासलेलं दूध-भाजी त्याहून महाग पडते.

मात्र या टप्प्यांमधून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या टोकाचं, म्हणजे सर्वांत महागडं युनिट असतं. त्यामुळे बचतीचा हिशेब बिलाच्या सरासरी दराने करू नका, शेवटच्या टप्प्याच्या दराने करा.

तसा पंख्याचा हिशेब मांडू. साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. सोलापुरी उन्हाळ्यात हॉलमधला पंखा दिवसाला १६ तास सहज फिरतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २१-२२ युनिट. समजा, वरच्या टप्प्यात सगळे आकार धरून युनिट १२ रुपयांना पडतं, तर अडीचशेच्या वर रुपये झाले. तुमचा खरा दर बिलाच्या मागे पाहून आकडा घाला. वर्षभराचा वापर धरला तर पंख्याची किंमत बहुधा दीड-दोन वर्षांत निघते. पण चारही पंखे एकदम बदलू नका. ज्याखाली तुम्ही दिवसभर बसता आणि ज्याखाली झोपता ते दोनच बदला. पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याची किंमत जन्मात वसूल होणार नाही. नवा पंखा लावताना वायरमनला जुना रेग्युलेटर काढून टाकायला सांगा, बीएलडीसी त्यावर नीट चालत नाही.

कूलरचं म्हणाल तर आपली हवा कोरडी असल्याने इथे तो उत्तम चालतो, आणि वीज एसीच्या पासंगालाही पुरत नाही. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर लावला की तासाभरात खोलीत चिकचिक होते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र तो झाकून ठेवायचा. एसी असेल तर १८ वर ठेवून पांघरूण घेण्यात काही शहाणपण नाही. २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद फिरवा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय गच्चीवर आहे. जुन्या सोलापुरातल्या माळवदाच्या घरांत जाड मातीचं छत ऊन आत येऊ देत नसे. आताचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर मार्चमध्येच गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्या. चुना भिजवताना त्यात थोडा फेविकॉल घातला की तो पायाला लागत नाही. खर्च काही शे रुपयांचा, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत बिघडतं. भाकरी थापताना चिरते, कधी कडवट लागते. टाकून द्यावं का? आणि वर्षाची ज्वारी भरणं परवडतं का? (वाचक, होटगी रोड)

पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, त्यात पीठ जुनं झालं की उरलासुरलाही जातो. शिवाय दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळल्यावर ते उघडं पडतं आणि ४२ अंशांच्या उन्हाळ्यात लवकर खवट होतं.

म्हणून दोन वेगळे निकाल. भाकरी नुसतीच चिरत असेल आणि चव ठीक असेल तर पीठ वाया जाऊ देऊ नका. पाण्याला उकळी आणा, पिठात खळगा करून ते आधण ओता, उलथन्याने कालवून झाकून ठेवा आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर तळहाताने मळा. भाकरी निमूट थापली जाते. किंवा त्यात कणीक, थोडं बेसन, लसूण-मिरची घालून धपाटे करा. पण पीठ कडवट लागत असेल तर मसाल्यात लपवू नका, टाका. पुढच्या वेळी आठ दिवसांपुरतंच दळा. गिरणीच्या चार खेपा वाचवायच्या म्हणून दहा किलो दळून आणणं ही काटकसर अंगाशी येते.

साठवणीचं उत्तर तुमच्या घरात भाकरी किती होते यावर आहे. रोज दोन्ही वेळा भाकरी असेल तर रब्बीची नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा मालदांडी (ज्वारीचं रब्बी वाण) भरून ठेवणं परवडतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव प्रत्येक पोत्यावर चिकटवलेलं दिसेल. नाव वाचून घेऊ नका, दाणे चावून घ्या. कट्टकन तुटला तर वाळलेला आहे, दाताखाली दबला तर ओल आहे. घरी दोन-तीन कडक उन्हं द्या, आणि गरम ज्वारी लगेच कोठीत भरू नका. रात्रभर पसरून निवू द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि सोंडे होतात. सुकलेला कडुलिंबाचा पाला थरांमध्ये घाला, कोठी काठोकाठ भरा, झाकणाला फट राहू देऊ नका. आठवड्यातून एकदाच भाकरी होत असेल तर मात्र पोतं घेऊ नका, पाच-पाच किलो आणा.

जादा मळलेलं पीठ उरलं तर त्याची पातळ भाकरी थापून मंद तव्यावर पूर्ण कडक होऊ द्या. कोरड्या डब्यात ती कितीतरी दिवस राहते. आमटीत चुरून खायला याहून चांगलं काही नाही, हे सोलापूरकरांना मी काय सांगणार!

मावशी, मी सात रस्त्याजवळ खोली घेऊन शिकतो. फ्रीज नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तर पैसे वाचतात, पण आई नको म्हणते.

आईचं ऐक. भातात असा एक जंतू असतो जो शिजवूनही पुरता मरत नाही. गरम खोलीत भात रात्रभर राहिला की तो वाढतो आणि विष सोडतो. सकाळच्या फोडणीने ते विष जात नाही. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या थंडीत, एखाद्या वेळी निभावून जाईल, एप्रिलमध्ये नाही. भात दोन तासांच्या आत संपव आणि मोजून लाव. रात्रीची भाकरी मात्र सकाळी दही-कांदा घालून खुशाल खा. आणि एका डॉक्टरच्या भेटीचे पैसे म्हणजे तुझा महिन्याचा तांदूळ, हाही हिशेब वहीत लिहून ठेव.

नवे टॉवेल पाणी टिपत नाहीत, आणि जुन्या सोलापुरी चादरी मधोमध विरल्या आहेत. फेकवत नाहीत, वापरवत नाहीत. (वाचक, अशोक चौक)

टॉवेलच्या गावात हा प्रश्न यावा याची गंमत वाटली. नव्या टॉवेलवर कारखान्यातलं फिनिशिंग असतं, ते दोन-तीन धुण्यांत जातं. त्यानंतरही टिपत नसेल तर कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण बंद करा. त्याचा थर टॉवेलच्या फाशांवर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. बोअरच्या जड पाण्यातही साबणाचा असाच थर साचतो. साबण निम्मा करा आणि शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. धागा ओढला गेला तर तो ओढून काढू नका, कात्रीने कापा. बाजूचे फासे उसवत नाहीत.

चादर झिजते ती मधे. कडेचा भाग बहुधा शाबूत असतो. चादर मधोमध उभी फाडा, दोन्ही धड काठ एकमेकांना जोडून मधे घ्या, विरलेल्या बाजू बाहेर जातील, त्यांना दुमडून शिलाई मारा. मधे शिवण येते, पण अजून दोन-तीन वर्षं अंथरायला चादर मिळते. एवढीही धड नसेल तर गोधडीत आतला थर म्हणून घाला, वर-खाली सुती लुगड्याचं किंवा साडीचं अस्तर. नायलॉनची साडी नको, घाम टिपत नाही. शिवायला कोणी घरचं नसेल तर मजुरी आधी विचारा. कधी कधी ती नव्या चादरीच्या बरोबरीने जाते, मग माया असेल तरच शिवा. आणि वर्षभर हात न लावलेल्या चिंध्या माळ्यावर ठेवू नका, तिथे फक्त उंदरांचा संसार थाटला जातो.

तळणीचं तेल किती वेळा वापरावं? आणि जरा बुरशी आलेले शेंगदाणे निवडून, भाजून चटणीला चालतात का?

तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला नको. काळं, दाट झालं किंवा लगेच धूर धरू लागलं की बाद. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. रद्दी कागदात टिपून कचऱ्यात टाका.

बुरशीचे शेंगदाणे अजिबात नाही. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि भाजल्याने नष्ट होत नाही. चांगले दिसणारे दाणेही त्याच पिशवीतले असतात, म्हणून सगळीच टाका. चटणीसाठी शक्यतो वाळलेल्या शेंगाच आणा. टरफलात दाणा जास्त टिकतो. आठवड्याला लागतील तेवढ्याच फोडा, आणि चटणीच्या बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नका.