फॉरवर्डचं मोठेपण ट्रायच्या रकान्यात शोधू नका

तुम्ही विचारलंय, की ट्रायच्या (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवण्याच्या) यादीत इंग्लंडचा फॉरवर्ड सॅम बर्जेस वर कुठे दिसत नाही, युनियनमध्ये, म्हणजे रग्बीच्या पंधरा जणांच्या प्रकारात, तर तो जेमतेम वर्षभर टिकला, मग रग्बी लीगवाले त्याला एवढं का मानतात?

लीग हा रग्बीचा दुसरा प्रकार. त्यात तेरा जण, त्यातले सहा फॉरवर्ड, म्हणजे पुढे धडका देणारे, 8 ते 13 नंबरचे. सहा टॅकल (बॉलवाल्याला पकडून पाडणं) होईपर्यंत बॉल तुमच्याकडे. फॉरवर्डचं बॉल घेऊन घुसणं म्हणजे कबड्डीतली अशी चढाई, जिच्यात पकड होणार हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असतं. तरी जायचं, तिघांना अंगावर घ्यायचं आणि जमतील तेवढे मीटर काढायचे. पण खरं कसब आहे ते पडण्यात. टॅकल झाल्यावर उठून बॉल जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सारायचा असतो. गुडघ्या-कोपरांवर पडलात तर झटकन उठता येतं. समोरच्यांना दरवेळी दहा मीटर मागे हटावं लागतं, ते अजून उलट्या पावली पळत असतात तोवर तुमचा बॉल खेळात आलेला असतो. उताणे पडलात की त्यांची फळी निवांत उभी. म्हणून तर ते तुम्हाला पाठीवर पाडायला धडपडतात. चाली रचणाऱ्या हाफबॅकच्या ज्या पासवर आपण टाळ्या वाजवतो, त्याचा वेळ कुणीतरी असा चिखलात कमावलेला असतो.

बर्जेस यॉर्कशायरमधल्या ड्यूसबरीचा. 2006 मध्ये ब्रॅडफर्डकडून सुरुवात, 2010 पासून ऑस्ट्रेलियातल्या साउथ सिडनी (साउथ्स) क्लबकडे. 5 ऑक्टोबर 2014 ला तिथल्या लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत त्याचं आणि समोरच्या बुलडॉग्ज संघाच्या जेम्स ग्रॅहमचं डोकं आपटलं. ग्रॅहमही इंग्लंडचाच. बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. तो शेवटपर्यंत खेळला, साउथ्स 30-6 ने जिंकले, 43 वर्षांनी विजेतेपद आलं आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळालं.

याच क्लबचा कर्णधार, प्रॉप (सगळ्यात पुढचा फॉरवर्ड) जॉन सॅटलर, 1970 च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच जबडा मोडूनही पूर्ण वेळ खेळला होता. मॅनली क्लबविरुद्ध, 23-12 ने जिंकले. हे दोन्ही किस्से मी वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आलो. पण सॅटलर 2023 मध्ये गेले, ते स्मृतिभ्रंशाशी झगडत, आणि तेव्हापासून सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. आता डोक्याला मार बसला की खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढतात. सामना रंगात असताना प्रेक्षक कुरकुरतात. माझ्या मते त्यांनी कुरकुरू नये.

युनियनचं म्हणाल तर बाथ क्लबने बर्जेसला फ्लँकर (तिथला एक फॉरवर्ड) म्हणून खेळवलं आणि इंग्लंडने 2015 च्या विश्वचषकात थेट सेंटरला, म्हणजे मागच्या फळीत. लहानपणापासून त्या खेळात वाढलेल्यांनाही अवघड जाणारी जागा वर्षभरात कुणी आत्मसात करावी, ही अपेक्षाच चुकीची होती. इंग्लंड घरच्या मैदानांवर गटातच गारद झालं आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. मला तो अन्याय वाटतो.

2016 ला तो साउथ्सकडे परतला. ऑक्टोबर 2019 मध्ये खांद्याने साथ सोडली आणि तिशीतच निवृत्ती घ्यावी लागली.

2014 चा तो सामना पूर्ण बघायला मिळाला तर पहिलं मिनिट बघून थांबू नका. शेवटची वीस मिनिटं बघा, बॉल पुढे गेला तरी नजर तिकडे नेऊ नका. सुजलेल्या गालाचा तो माणूस कसा पडतो आणि कसा उठतो, तेवढंच बघा.